दोन सभागृहांमधला बाक

मी एक जुना बाक आहे, आणि मित्रांनो, आधीच सांगून टाकतो, माझा एक पाय आखूड आहे. कोणी बसले की मी जरा डुलतो. त्याला माझा इलाज नाही! संसदेची इमारत बांधली तेव्हा सुतारकाकांनी दोन्ही सभागृहांचे बाक घडवले आणि उरल्यासुरल्या फळ्या जोडून मला केले. म्हणजे मी दोन्ही घरचा. म्हणूनच मला मधल्या व्हरांड्यात ठेवले असावे.

माझ्या डावीकडे खालचे सभागृह, उजवीकडे वरचे. नावावर जाऊ नका हं, दोन्ही एकाच मजल्यावर आहेत! देशाचे मतदारसंघ पाडलेले असतात. प्रत्येक मतदारसंघातले लोक थेट मत देऊन आपला माणूस निवडतात आणि तो खालच्या सभागृहात येतो. मुदत संपली की सगळ्यांचाच मुक्काम हलतो, पुन्हा निवडणूक. त्यामुळे तिकडे कायम लगबग. वरच्या सभागृहातली माणसे राज्यांच्या विधानसभा निवडून पाठवतात. थोडे जाणकार नेमलेलेही असतात. ते सभागृह कधीच पुरते रिकामे होत नाही. काही जण निवृत्त होतात, तेवढेच नवे येतात. कायदा व्हायचा तर दोन्हीकडे तो जसाच्या तसा मंजूर व्हावा लागतो, मगच राष्ट्रप्रमुखांची सही.

माझे उमेदीचे दिवस फार मजेचे गेले. आत एकमेकांवर तुटून पडलेली माणसे बाहेर येऊन माझ्यावर शेजारी शेजारी बसत आणि एकाच पुडीतले शेंगदाणे खात. "काय ऐसपैस बाक आहे!" म्हणत. पुढे गुबगुबीत सोफे आले आणि माझ्याकडे कोणी ढुंकून पाहीना. लोक माझ्यावर ओल्या छत्र्या ठेवू लागले. वाईट वाटायचे, खोटे कशाला सांगू?

मग एक दिवस नर्सबाई तावातावाने व्हरांड्यात आल्या. नदीकाठच्या गावांत त्या आधी नर्स होत्या, आणि तिथूनच खालच्या सभागृहात पहिल्यांदा निवडून आल्या होत्या. त्यांच्या भागात होडी उलटून माणसे बुडाली होती. म्हणून त्यांनी विधेयक आणले होते, होडीत बसणाऱ्या प्रत्येकाला लाइफ जॅकेट मिळालेच पाहिजे. खालच्या सभागृहाने ते टाळ्यांच्या गजरात मंजूर केले होते. आता अधिवेशनाचा शेवटचा दिवस, आणि वरच्या सभागृहातले एक निवृत्त हेडमास्तर दुरुस्ती मागत होते! दुरुस्ती झाली की विधेयक पुन्हा खाली जाणार. आज राहिले तर पुढच्या अधिवेशनापर्यंत लटकणार, आणि तोवर नदीला पूर येणार.

तेवढ्यात हेडमास्तर बाहेर आले. सोबत संसद बघायला आलेली त्यांची छोटी नात होती.

"सर, खोडा घालायला तुम्हाला आजचाच दिवस सापडला का?"

"बसा तर खऱ्या, बाई."

"बसायला वेळ कुणाला आहे?" असे म्हणत नर्सबाई बसल्याच. मी डुललो.

सभागृहात दाखवायला आणलेले जॅकेट त्यांच्या पिशवीत होते. हेडमास्तरांनी ते मागून घेतले, नातीला घातले, पट्टे घट्ट आवळले. "हात वर कर बघू." नातीने हात वर केले. हेडमास्तरांनी जॅकेट खांद्यांशी धरून उचलले. जॅकेट वर आले, नात खालीच राहिली.

नर्सबाईंचा चेहरा उतरला. "अगं बाई! आम्ही एवढे जण, आणि एकालाही सुचलं नाही?"

"मला तरी कुठे सुचलं होतं? सकाळी ही माझा कोट घालून घरभर नाचत होती, तेव्हा डोक्यात आलं. 'लहानांना लहान मापाचे', एवढंच घालायचंय."

"मग बसलाय काय असे? उठा की!"

आणि मित्रांनो, हेडमास्तर उजवीकडे पळाले, नर्सबाई चपला हातात घेऊन डावीकडे. नात माझ्यावर बसून पाय हलवत राहिली. वरच्या सभागृहात दुरुस्ती मंजूर झाली. विधेयक माझ्यासमोरून खालच्या सभागृहात गेले. "घाईत माझ्याकडूनच राहिलं, चूक पदरात घ्या," असे नर्सबाईंनी उभे राहून सांगितल्याचे शिपाईकाका म्हणत होते. संध्याकाळी बाकांवर थापा पडल्या, त्या मला बाहेर ऐकू आल्या. काय आनंद झाला म्हणून सांगू!

राष्ट्रप्रमुखांची सही होऊन कायदा झाला, आणि पुढे पूर आला तेव्हा पुन्हा एक होडी उलटली. नर्सबाईंनी ती बातमी माझ्यावर बसूनच हेडमास्तरांना सांगितली. "सगळे तरंगले, सर. सगळ्यात लहान मुलगी पहिलीतली. काठावर आली तरी जॅकेट काढू देईना!" दोघेही हसता हसता डोळे पुसत होते.

आता सोफे रिकामे असले तरी ते दोघे माझ्याकडेच येतात. शिपाईकाकाही रोज माझी धूळ पुसतात. तेव्हा मित्रांनो, जुन्या बाकांवर ओल्या छत्र्या ठेवू नका. आणि एखाद्या चांगल्या कामाची फारच घाई असली, तर आधी घडीभर माझ्यावर बसा, शेजाऱ्याचे ऐका. मी डुलेन जरा, पण पाडणार नाही.