स्वतःच्या घराचं काम

ओरिनला घरी न्यायचं तर खालच्या मजल्यावर न्हाणीघर हवं आणि चाकांची खुर्ची आत जाईल एवढी रुंद दारं हवीत, असं शुश्रूषाकेंद्रातल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, तेव्हा वर्ना हॉलिसला उलट हायसं वाटलं. अर्धांगवायूने नवऱ्याची उजवी बाजू नेली होती, बोलणंही जवळजवळ नेलं होतं, आणि त्यावर कुणापाशी उपाय नव्हता. लाकूड आणि खिळ्यांच्या कामावर तरी असतो. कोल्टर फॉल्समधली लाकूड कापायची गिरणी केव्हाच बंद पडली, तरी गावातल्या प्रत्येक पुरुषाच्या ट्रकमध्ये अजून हातोडा सापडतोच.

तिने आधी शहरातल्या एका कंत्राटदाराला फोन केला. त्याने नकाशे मागितले, कुठली भिंत कशावर उभी आहे ते इंजिनिअरकडून तपासून घ्यायला सांगितलं, आणि पुढच्या वसंतात बघू म्हणाला. ओरिन शुश्रूषाकेंद्रातल्या पलंगावर दिवसेंदिवस लहान होत चालला होता. नर्सेस त्याला लाडाने हाका मारत, आणि तेच त्याला सोसत नसे. पुढचा वसंत कुणाला दिसणार?

मग रविवारी प्रार्थनेनंतर कॉफी घेताना क्लीट रासमुसन तिच्या शेजारी येऊन बसला. चर्चमध्ये त्याच्याएवढा खर्जातला आवाज कुणाचा नाही. ओरिनला हॉस्पिटलात हलवलं त्या हिवाळ्यात तिच्या दारातला बर्फ कुणीतरी रोज पहाटे उपसून जाई. तो क्लीट होता हे तिला महिन्याभराने कळलं. तो म्हणाला, मी करतो, बागेतली सफरचंदं उतरायच्या आत ओरिन स्वतःच्या खिडकीत बसलेला असेल.

ज्याच्या शेजारी बसून आपण प्रार्थनेला डोळे मिटतो, त्याच्याकडे कागद मागायचे नाहीत, अशी या गावची रीत आहे. कंत्राटदारीचा परवाना दाखव म्हणणं म्हणजे तू चोर आहेस का असं विचारणं. शिवाय क्लीटच्या ट्रकच्या दारावर परवान्याचा नंबर रंगवलेला होता, चांगला ठसठशीत. तो नंबर राज्याच्या कचेरीत फोन करून विचारता येतो हे वर्नाला ठाऊक नव्हतं असं नाही. पण शाळेची बस इतकी वर्षं चालवलेल्या बाईला माणसं चेहऱ्यावरून कळतात असा तिचा समज होता.

एकच गोष्ट क्लीटने मागितली. बांधकामाची परवानगी त्याच्या नावाने नको, वर्नाने आपल्या नावाने काढावी. "स्वतःच्या घराचं काम स्वतः करतेय म्हणायचं. लगेच मिळते. सगळे तसंच करतात."

सगळे तसंच करत होते, हे खरं होतं.

काउंटीच्या कचेरीत खिडकीपलीकडे आर्डिथ बसते. तिची दोन्ही मुलं वर्नाच्या बसमधून शाळेत गेली. आर्डिथने अर्ज हातात घेतला, चष्मा वर केला आणि न विचारताच मोठ्याने सांगायला लागली. काम दुसऱ्याकडून करून घेणार असाल तर ती माणसं तुमची कामगार ठरतात. त्यांना काही झालं तर जबाबदार तुम्ही. घराचा विमा अशा वेळी हात वर करतो. आणि जो कंत्राटदार तुम्हाला तुमच्या नावाने परवानगी काढायला लावतो, त्याच्याकडे बहुतेक वेळा परवानाच नसतो.

"काम कोण करणार, वर्ना?"

"मी. आणि माझा भाचा."

भाचा अलास्कात मासेमारीच्या बोटीवर होता आणि आर्डिथला ते माहीत होतं. तिने चष्मा पुन्हा नाकावर घेतला. मग शिक्का मारला, आणि ओरिनला माझा नमस्कार सांग म्हणाली.

क्लीटने हाताखाली डेल्मर योस्टला आणलं. डेल्मर गिरणीत ओरिनच्या शेजारच्या करवतीवर होता. गिरणी बंद पडल्यापासून मिळेल ते काम करायचा. तो आला की आधी वर्नाला विचारायचा, "काय म्हणतात साहेब? अजून तिथल्या पोरींना दमात घेतात का?" आणि ओरिनची नक्कल करून दाखवायचा, खांदे पाडून, ओठ वाकडे करून. ती हुबेहूब असल्यामुळे वर्नाला राग येत नसे. दुपारी ती दोघांना टोमॅटोचं सूप आणि चीजचं सँडविच द्यायची. घरात पुन्हा पुरुषांचे बूट वाजत होते. तिने खिडकीला नवे पडदेही शिवले.

स्वयंपाकघर आणि कोठीची खोली यांच्यामधली भिंत काढायची होती. ती वरच्या मजल्याचा भार घेत असेल तर, असं डेल्मरने विचारलेलं वर्नाने भांडी घासताना ऐकलं. क्लीट म्हणाला, पन्नास भिंती पाडल्यात मी. त्याने दोन टेकू लावले, डेल्मरला भिंत काढायला सांगितलं आणि तुळईसाठी लाकूड आणायला ट्रक घेऊन गेला. तो यायच्या आत वरच्या मजल्याची जमीन डेल्मरच्या अंगावर आली. वर्ना अंगणात कपडे वाळत घालत होती. आवाज फार मोठा नव्हता. बर्फाचा ढीग छपरावरून घसरावा तसा होता.

डेल्मर वाचला. पाठीचा कणा मात्र वाचला नाही. कमरेखाली काहीच उरलं नाही, असं त्याची बायको नदीनने हॉस्पिटलच्या जिन्यात वर्नाला सांगितलं, आणि मग तिच्याकडे पाहणं बंद केलं.

ओरिनची बहीण मर्ल फटकळ बाई. तिने फोनवर बसून पाच मिनिटांत शोधून काढलं की ट्रकवरचा नंबर दुसऱ्याच कुणाचा, पन्हाळी साफ करणाऱ्या एका माणसाचा, आणि तोही मेलेला. क्लीटकडे परवाना नव्हता, कामगारांचा विमाही नव्हता.

"टरबूज घेताना दहा वेळा ठोकून बघतेस," मर्ल म्हणाली. "हा माणूस एकदा तरी ठोकायचास."

रविवारी क्लीट नेहमीसारखा गायला उभा राहिला, आणि त्याने सगळ्यांना डेल्मरसाठी आणि वर्नासाठी प्रार्थना करायला सांगितलं. त्याचे डोळे खरंच भरलेले होते, हेच वाईट. बाहेर पायऱ्यांवर तिने त्याला गाठलं. तो तिचा हात हातात घेऊन हळू आवाजात म्हणाला, "मला वाईट वाटतंय, वर्ना. पण कागदावर तुम्ही आहात."

विमा कंपनीने हात वर केले, म्हणजे डेल्मरची भरपाई वर्नाच्या घरातून जाणार. मर्लने एक वकील बघून दिला, तरुण, स्वच्छ नखांचा. त्याने मार्ग सांगितला. डेल्मर ओरिनचा जुना मित्र आहे ना? मग तो मित्राच्या घरी मदतीला आला होता असं म्हणा. शेजारधर्म. मजुरी रोख दिली आहे, लिहिलेलं कुठे नाही. मग तो कामगार ठरत नाही, घर तुमचं राहील, न्हाणीघर पुरं करा, नवऱ्याला आणा.

"आणि डेल्मर?"

वकिलाने खांदे उडवले. त्या कुटुंबाचं दुर्दैव, म्हणाला.

जबाबाच्या दिवशी खोलीत नदीन भिंतीला टेकून बसली होती. राज्याकडून चौकशीला आलेल्या बाईने विचारलं, डेल्मर योस्ट तुमच्या घरी कशासाठी आला होता. वर्नाला ओरिनची खिडकी दिसली, नवे पडदे दिसले. खोटं एकदा बोलून झालंच होतं. दुसऱ्याला फार जोर लागणार नव्हता.

"कामाला," ती म्हणाली. "माझ्या कामाला. क्लीटने आणला होता, पण पैसे माझे होते. परवानगी काढताना मी खोटं बोलले."

नदीनने मान वर केली नाही. वकिलाने मात्र फाईल मिटली.

क्लीटला दंड झाला, तो कधी भरेल तेव्हा भरेल. घर विकायला काढलं, अर्धवट उघडं, प्लायवूड ठोकलेलं. येणारे पैसे योस्टांकडे जाणार. वर्ना शुश्रूषाकेंद्रामागच्या गल्लीत भाड्याने खोली बघून आली आणि मग ओरिनच्या पलंगाशी बसली. आजवर ती त्याला काम कुठवर आलं ते रोज सांगायची. डेल्मरला अपघात झाला त्यानंतरही सांगत राहिली होती, फरशी कुठली, नळ कुठला. आज तिने सगळं सांगितलं, सुरुवातीपासून, एकही वाक्य न सजवता.

ओरिन ऐकत होता. डावा डोळा तिच्यावरून हलला नाही. बराच वेळ ओठ हलत राहिले, शब्द येईना. ती वाट बघत राहिली. शिवी येईल, घर येईल, काय येईल ते येऊ दे.

"चालतो?" त्याने विचारलं.

"नाही, ओरिन. डेल्मर आता चालणार नाही."

ओरिनने तोंड भिंतीकडे वळवलं. वर्ना हात पुढे करायला गेली तर त्याने डाव्या हाताने तो बाजूला सारला. जोर नव्हता त्यात, पण सारला. जेवणाची ताटं घेऊन नर्स आली, त्याला लाडाने हाक मारली, आणि या वेळी त्याने ती सोसली. वर्नाने ताटावरचं झाकण काढलं, कुस्करलेला बटाटा चमच्यात घेतला आणि त्याने तोंड इकडे करायची वाट बघत तशीच बसून राहिली.