सिगार संपेपर्यंत

दिघीच्या इसहाकला सिगारीतलं कळतं, ही गोष्ट रावजीशेटच्या कानावर गेली आणि तिथून सगळं सुरू झालं.

इसहाकनं उमेदीची वर्षं एका विलायती कंपनीच्या उतारू बोटीवर काढली होती. पहिल्या वर्गाच्या साहेबांसाठी तंबाखू ओढायची वेगळी खोली असे, तिथला तो बटलर. सिगार निवडून देणं, टोक कापणं, पेटवून हातात देणं हे त्याचं काम. नोकरी सोडताना कप्तानानं त्याला हवानाच्या हलक्या सिगारींची एक पेटी दिली होती. ईदच्या दुपारी जेवण झालं की तो ओटीवर बसून त्यातली एक ओढायचा. एरवी वर्षभर विडीलाही शिवायचा नाही. त्याची बायको तैयबा जरा लांब सुपारी कातरत बसायची. तो वास तिलाही आवडायचा, पण तिनं ते कधी कबूल केलं नाही. आगरदांड्याच्या तरीनं येणारीजाणारी माणसं हे बघत आणि आपापल्या गावी जाऊन सांगत.

रावजीशेट रेवदंड्याचा. किल्ल्याच्या तटाच्या आत त्याची नारळाची वाडी होती, बंदरात होड्या होत्या आणि एक इंजिनाची लाँच होती. गोव्यात अजून पोर्तुगीज होते, इकडे दारूबंदी होती, त्यामुळे लाँचला काम भरपूर. दारू, घड्याळं, सोन्याच्या कांड्या किनाऱ्यावर उतरत आणि मुंबईच्या एका सेठकडे जात. त्या सेठनं एकदा रावजीपुढे सिगार धरली. रावजीनं तिचं टोक दातानं तोडून थुंकलं, विडीसारखा धूर छातीत ओढला आणि डोळ्यांतून पाणी येईस्तोवर खोकला. सेठ हसला. त्याचे नोकरही हसले. याहून लहान कारणासाठी रावजीनं माणसांची हाडं मोडली होती, पण सेठला हात लावता येत नव्हता.

मार्गशीर्षातल्या एका सकाळी लाँच दिघीच्या धक्क्याला लागली. रावजीचा माणूस बुधाजी इसहाकच्या दारात आला.

"शेटनी बोलावलंय."

"माझ्याकडे काय काम?"

"शेटना सिगार वडायला शिकवायचं हाय."

इसहाकला हसू आलं. बुधाजी हसला नाही. त्याच्या सदऱ्यावर रक्ताचे वाळलेले डाग होते. मासळीचे असतील, असं इसहाकला वाटलं. तैयबानं टोपी आणून दिली आणि म्हणाली, "दिवस मावळायच्या आत परत या." नाही म्हणायची सोय नव्हती, हे दोघांनाही कळलं होतं.

रेवदंड्याला उतरून ते तटाच्या खिंडारातून वाडीत शिरले, आणि ते डाग कशाचे ते इसहाकला समजलं. अंगणातल्या माडाला एक माणूस बांधला होता. उघड्या पाठीची सालटी निघाली होती, एक डोळा सुजून मिटला होता. पायाखालची वाळू काळी पडली होती. बुधाजीनं जाताजाता आडोशाला टेकवलेली पाकट माशाची वाळलेली शेपटी उचलली. काट्यांची ती शेपटी चाबकासारखी वापरतात हे इसहाकनं ऐकलं होतं, पाहिलं कधी नव्हतं.

"या चाचा," रावजीशेट ओटीवरून म्हणाला. भरल्या अंगाचा, नुकती दाढी केलेला, पांढरंशुभ्र धोतर. त्याच्या खुर्चीमागे भिंतीला दुनळी बंदूक टेकवलेली होती. "त्याच्याकडं बघू नका. तो वेगळा विषय हाय."

"कोण आहे तो?"

"चंदर. आमच्यातलाच, होडीवरचा तांडेल. कस्टमवाल्यांनी माझा माल धरला. त्यांना यानं सांगितलं."

"म्या न्हाय सांगितलं," माडाकडून आवाज आला. लगेच शेपटीचा फटका बसला आणि ओरडणं आलं. वाडीतले कावळे उडाले. बाकीची माणसं लाँच घेऊन पुन्हा समुद्रावर निघाली होती. वाडीत ते चौघेच उरले.

रावजीनं तिपाईवर एक लाकडी पेटी ठेवली. इसहाकनं झाकण उघडलं. पेटी उंची होती. बोटीवर असल्या सिगारी फार थोडे साहेब मागत. पान फिकट तपकिरी, रेशमासारखं, एकही जाड शीर नाही. इतक्या वर्षांनी असल्या उंची पानाच्या वासानं त्याला भरून आलं, आणि त्याच क्षणी मागे दुसरा फटका बसला.  रावजीची त्याच्यावर नजर होती.

"शिकवा."

इसहाकनं एक सिगार बोटांत धरून हलकेच दाबली. ब्लेडनं नुसती टोकाची पानाची टोपी उतरवली. "दातानं तोडायची नाही. काडी पेटली की तिचा गंधक जळून जाऊ द्यायचा, नाहीतर पहिलाच झुरका कडू होतो. ज्योत लावायची नाही, जवळ धरायची. आणि फिरवत राहायचं."

रावजीनं सिगार ओठांत धरली आणि जोरात ओढली. खोकला आला. बुधाजीनं शेपटी फिरवली. चंदर या खेपेला ओरडला नाही, त्याच्या घशातून नुसती हवा आली.

"शेट," इसहाक म्हणाला. आपला आवाज आपलाच आहे यावर त्याचा विश्वास बसेना. "हा मार थांबवा."

"का?"

"ही हलकी सिगार आहे. घाईतल्या माणसाला हिची चव लागत नाही. तुमचं निम्मं लक्ष तिकडे आहे. अशा माणसाला सेठ लगेच ओळखेल."

रावजीनं हातातल्या सिगारीकडे बघितलं. मग त्यानं हात वर केला. "बुधाजी, दम खा जरा. सिगार संपेपर्यंत."

इसहाकनं ते शब्द धरून ठेवले. आता सिगार संपू द्यायची नव्हती.

तो हळूहळू बोलायला लागला. धूर छातीत न्यायचा नाही, तोंडात खेळवायचा आणि सोडून द्यायचा. एक झुरका झाला की हात खाली. गप्पा मारायच्या, समुद्र बघायचा, मग दुसरा. राख झाडायची नाही, राहू द्यायची, ती आगीला थंड ठेवते. मध्येच त्यानं रावजीच्या हातातून सिगार घेऊन ती कशी धरायची ते दाखवलं आणि दाखवण्यात वेळ घालवला. बोटीवरचे साहेब कसे ओढत, एडनच्या उन्हात पान कसं सुकतं, पेटीत ओलसर कापड का ठेवतात, जे आठवलं ते सगळं त्यानं सांगितलं. बोलताबोलता तो चंदरकडे बघत नव्हता. पण त्याचा श्वास त्याला ऐकू येत होता. चंदरनं पाणी मागितलं. बुधाजीनं त्याच्या तोंडावर बुक्की मारली, दात तुटल्याचा आवाज आला. रावजीनं मान वळवली नाही. तो शिकत होता.

"आता काय लागतंय?" इसहाकनं विचारलं.

रावजीनं डोळे मिटले. "लाकूड. नवी होडी तासताना येतो तसा वास." मग म्हणाला, "आणि काजू. भाजलेलं."

"बरोबर."

"माझी आय काजू भाजायची. धूर लागू नये म्हणून मला लांब बसवायची." रावजीचा चेहरा सैल झाला होता. "चाचा, असं काय असतं हे मला कुणी सांगितलंच न्हाय."

इसहाकला वाटलं, हीच वेळ आहे. "मग त्याला सोडा, शेट. अर्धमेला झालाय. त्यानं सांगितलं असतं तर एव्हाना कबूल केलं असतं."

रावजीनं डोळे उघडले. त्याचा आवाज अजून तसाच मऊ होता. "व्हय, मलाबी आता तसंच वाटतं. पण आता सोडला तर सगळी बंदरं हसतील. बुधाजी, ही संपली की त्याला जातं बांधून खाडीत सोड. भरती लागलीच हाय."

चंदरनं ते ऐकलं. त्यानं दोरी ओढायला सुरुवात केली, मनगटांतून रक्त येईपर्यंत. सिगार बोटभर उरली होती.

"दुसरी पेटवू या," इसहाक म्हणाला. "एकीवरून खरी चव कळत नाही."

"सेठ एका येळी एकच वडतो."

तेवढ्यात तटाच्या खिंडारातून एक बाई आत आली. डोक्यावर मासळीची पाटी, काष्टा घट्ट मारलेला. चंदरची बायको सोनूबाई. नवऱ्याला नेल्याचं तिला बाजारात समजलं होतं. ती रडत नव्हती. "शेट, माझ्या घरधन्याला द्या," एवढंच ती म्हणाली आणि चालत राहिली.

"घरला जा," बुधाजी आडवा आला. त्यानं तिला ढकललं. पाटी पडली, बांगडे वाळूत पसरले. दुसऱ्यांदा ढकलायला त्यानं हात पुढे केला तेव्हा पाटीतली कोयती तिच्या मुठीत होती. मासळीची मुंडी तोडतात तसा तिनं सरळ घाव घातला. बुधाजीचं मनगट अर्धं तुटून लोंबलं. तो त्या हाताकडे बघतच राहिला, मग किंचाळत माडांतून पळत सुटला.

रावजीनं सिगार टाकली, मागे हात घालून बंदूक घेतली आणि सोनूबाईवर रोखली. ती नवऱ्याच्या दोऱ्या कापत होती, तिची पाठ इकडे होती.

इसहाकनं विचार केला नाही. त्यानं डाव्या हातानं बंदुकीच्या नळीचं टोक धरलं आणि वर ढकललं. बार उडाला. कौलं फुटून अंगावर आली. इसहाकच्या हातात आगीचा लोळ उठला. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट जागेवर नव्हतं. तरी त्यानं नळी सोडली नाही. रावजीनं त्याच्या तोंडावर गुडघा मारला, छातीवर मारला. दुसरा बार जमिनीत गेला. दोघंही ओटीवरून अंगणात पडले, आणि इसहाक बंदूक पोटाखाली घेऊन पालथा पडून राहिला.

रावजी उठला तेव्हा समोर चंदर उभा होता. त्याला धड उभं राहता येत नव्हतं. सोनूबाईच्या हातातली कोयती त्यानं घेतली होती.

"चंदर, ऐक," रावजी म्हणाला. रिकामे हात त्यानं पुढे धरले.

पहिला घाव त्या हातांवर बसला, दुसरा मानेवर. रावजी गुडघ्यांवर बसला आणि बांगड्यांमध्ये आडवा झाला. चंदर थांबला नाही. "पुरे," इसहाक ओरडला, "पुरे, चंदर, तो मेला." चंदर मारत राहिला. शेवटी सोनूबाईनं त्याला मागून कवेत घेतलं आणि त्याच्या कानाशी काहीतरी बोलली. मग कोयती टाकून तो खाली बसला. तिनं लुगड्याचा पदर फाडून आधी इसहाकचा हात बांधला, मग नवऱ्याच्या तोंडाला पाणी लावलं.

अलिबागच्या कोर्टात इसहाकची साक्ष झाली. चंदरच्या वकिलानं आधीच गाठून सांगितलं होतं, "शेवटपर्यंत रावजीच्या हातात बंदूक होती, एवढंच म्हणा." इसहाक दोन रात्री झोपला नाही. साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं राहून त्यानं शेपटीबद्दल सांगितलं, जात्याबद्दल सांगितलं, बंदुकीबद्दल सांगितलं. मग सरकारी वकिलानं विचारलं, "घाव घातले तेव्हा बंदूक कुणाकडे होती?"

"माझ्या पोटाखाली," इसहाक म्हणाला.

चंदरला काही वर्षांची सजा झाली. बुधाजीलाही झाली. कोर्टाबाहेर सोनूबाई इसहाकसमोरून गेली, पण त्याच्याकडे बघितलं नाही. नंतर ती स्वतः होडीवर जायला लागल्याचं त्याच्या कानावर आलं.

गोवा मोकळा झाला त्या सालच्या थंडीत एक माणूस तरीतून दिघीला उतरला आणि विचारत विचारत इसहाकच्या घरी आला. पुढचे दात नव्हते. इसहाकनं त्याला ओळखलं आणि तो उठून उभा राहिला. 

"बसा चाचा," चंदर म्हणाला. "भांडायला न्हाय आलो. खरं होतं ते तुमी बोललात."

तो ओटीच्या पायरीवर बसला. तैयबानं दिलेलं पाणी प्याला.

"एक इचारायचं होतं. तुमी त्या दिशी येवढं बोलत होतात ते माझ्यासाठी?"

"हो."

"मला वाटलंच." चंदर खाडीकडे बघत राहिला. "माडाला बांधलेला होतो तवा तो धूर माझ्याकडं यायचा. अंगाची आग होत होती, घसा सुकला होता. तरी मनात यायचं, काय चांगला वास हाय. माझी मलाच लाज वाटली. मरायला टेकलेल्या माणसाला असं वाटावं का?"

 इसहाकलाही त्या दिवशी तेच वाटलं होतं, आणि त्यानंही ते कुणाला सांगितलं नव्हतं.

"सोनूबाई कशी आहे?" त्यानं विचारलं.

"बरी हाय. होडी आता तीच चालवते. मी जाळी ओढतो." चंदर पहिल्यांदा थोडा हसला, आणि हात तोंडावर नेऊन त्यानं दातांची फट झाकली.

तैयबानं आतून हाक मारली. भात झाला होता. इसहाक म्हणाला, "जेवून जा," आणि चंदर हात धुवायला उठला.