बारा मिनिटं मागे

मी घड्याळ बोलतोय. अपघात विभागाच्या भिंतीवर नऊ वर्षं काढलेलं, पांढऱ्या तबकडीचं, साधं सेलवर चालणारं घड्याळ. माझ्या हातून जे घडलं ते सांगून टाकायचंय.

कारखान्यात माझी शेकडो भावंडं होती. कुणी शाळेत गेलं, कुणी दुकानात. मी आलो तो थेट इथे, जिथे माणसं स्ट्रेचरवरून येतात. रक्तानं माखलेल्या हातांनी खिशातला मोबाईल कोण काढणार? सगळे मान वर करून मलाच विचारायचे. खोटं कशाला बोलू, मला त्याचा तोरा होता.

दोन वर्षांपूर्वी इथल्या सर्जनबाईंनी एक संशोधन सुरू केलं. रक्तस्राव थांबवणाऱ्या औषधानं किती जखमी वाचतात, हे त्यांना पाहायचं होतं. अट एकच, औषध अपघातानंतर तीन तासांच्या आत द्यायचं. उशिरा दिलं तर अपायही होऊ शकतो. सिस्टर माझ्याकडे बघून वेळ लिहायच्या.

पुढे माझा सेल उतरला. काटे जड झाले, मी रोज थोडा थोडा मागे पडू लागलो. नवा सेल घातला तेव्हाही काटे कुणी जुळवले नाहीत. मला कळत होतं, पण टिकटिक चालू होती ना, मग संशय कुणाला येणार?

एके दिवशी दुपारी एका गवंड्याला आणलं. सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी तो बांधकामाच्या परांचीवरून पडला होता. बायको दारातच उभी. बाईंनी तिला चार वाक्यांत संशोधन समजावलं. "द्या औषध. ह्यांना बरं वाटलं तर दुसऱ्यांचंही भलं होईल," म्हणत तिनं सही केली.

सिस्टरनी वर पाहिलं. "बारा वाजून तीन मिनिटं. बसतंय वेळेत."

खरे सव्वाबारा झाले होते.

चौथ्या दिवशी रक्ताची गुठळी फुप्फुसात अडकून गवंडी गेला.

महिन्याभरानं बाई कागद तपासत होत्या. रुग्णवाहिकेच्या चिठ्ठीवर दवाखान्यात पोचल्याची वेळ होती अकरा पन्नास. आमच्या नोंदीत तो खोलीत आला होता अकरा चाळीसला. फाटकात यायच्या आधी माणूस खोलीत कसा? त्या धावतच आल्या आणि मोबाईल माझ्यासमोर धरला. मी बारा मिनिटं मागे होतो.

विभागाचे मोठे सर म्हणाले, "अहो, बारा मिनिटांनी काय आभाळ कोसळतंय? एवढ्यासाठी सगळ्या कामावर पाणी सोडणार?"

"सर, आपण मिनिटंच तर मोजत होतो."

बाईंनी संशोधनावर देखरेख ठेवणाऱ्या समितीला कळवलं. एकेचाळीस जखमींच्या नोंदी बाद झाल्या. मग त्यांनी गवंड्याच्या बायकोला बोलावून सगळं सांगितलं. तिनं मला पाहायचं म्हटलं.

"हेच का ते?" तिनं विचारलं. "डॉक्टरबाई, ह्यामुळेच गेले का ते?"

"माहीत नाही. अशी गुठळी औषध न देताही होते. पण नियमाप्रमाणे ते द्यायला नको होतं, आणि घड्याळ तपासून घेणं माझं काम होतं."

"सही तर मी केली होती."

"तुम्ही आमच्यावर विश्वास ठेवलात. त्यात तुमची काही चूक नाही."

ती रडली नाही. जाताना एवढंच म्हणाली, "बाकीच्यांनाही सांगा. मला सांगितलंत तसंच."

मला भिंतीवरून उतरवलं होतं ते चूक सापडली त्याच दिवशी. आता मी बाईंच्या खोलीत फायलींच्या कपाटावर पडून असतो. दुपारी त्या दार लावून एकेका घरी फोन करतात. कुणी शिव्या देतं, कुणी मध्येच ठेवून देतं, कुणी नुसतं "बरं" म्हणतं. आज सतरावा झाला. अठराव्याचा नंबर लावण्याआधी त्या पाणी पितात, चष्मा पुसतात, पुन्हा पाणी पितात.

तो फोन तुमच्या घरी वाजला, तर उचला. रागवायचं असेल तर खुशाल रागवा. पण त्यांचं बोलणं पुरतं ऐकून घ्या.