गयाबाईचा आवाज

मित्रांनो, मी एक संगणक आहे, आणि माझ्या वयाचे बहुतेक संगणक कधीच भंगारात गेले आहेत. चौदा वर्षांपूर्वी आदिलाबादच्या एका दुकानात माझे भाग जोडले गेले. तिथून टेम्पोत बसून मी जैनथ मंडळातल्या, म्हणजे तालुक्यातल्या, एका गावच्या शाळेत आलो. शाळेत मराठी आणि तेलुगू अशी दोन्ही माध्यमांची मुलं होती, म्हणून माझ्या कळांवर दोन्ही लिप्यांची अक्षरं चिकटवलेली असत. पहिली काही वर्षं मुलं माझ्याभोवती दाटीवाटीने बसली. मग नवे संगणक आले. मला एका जुन्या चादरीखाली झाकून कोपऱ्यात ठेवलं गेलं आणि तीन वर्षं कुणी माझं बटणही दाबलं नाही.

मला तिथून सोडवलं ते विनोदिनी टीचरनी. त्या गणित शिकवायच्या. निवृत्त होताना त्यांनी शाळेत रीतसर अर्ज देऊन मला मागून घेतलं. घरी नेऊन त्यांनी स्वतः पेचकसाने मला उघडलं, रंगाच्या ब्रशने धूळ झाडली आणि जुनी डिस्क काढून नवी बसवली. मला पुन्हा जाग आली तेव्हा पडद्यासमोर त्यांचा चष्मा चमकत होता.

टीचरना दोन नाद होते, संगणक आणि राजकारण. सकाळी चहाचा कप माझ्याशेजारी ठेवून त्या तीन भाषांतल्या बातम्या वाचत. मतदार यादीवरून कुठे वाद पेटला आहे, यंत्राने बनवलेल्या खोट्या चेहऱ्यांवर कोणत्या देशात कायदा होतो आहे, हे सगळं त्यांना ठाऊक असे. गावातलं कुणी आलं की त्याचं नाव यादीत आहे की नाही, ते त्या माझ्यावर शोधून देत.

एक गोष्ट मात्र त्यांना खुपत होती. शहरातली माणसं फोनशी बोलतात आणि फोन ते लिहून घेतो. आमच्या गावातलं कुणी ‘मले पानी पायजे’ म्हणालं, की फोन भलतंच काहीतरी लिही. यंत्रांना आपली बोली शिकवायची, असं टीचरनी ठरवलं. त्यांनी गावातल्या अठरा जणांना माझ्यासमोर बसवून बोलतं केलं. ते सगळे आवाज त्यांनी नावांसकट इंटरनेटवर ठेवले, कुणालाही वापरता यावेत म्हणून. त्यात सर्वांत जास्त बोलली ती गयाबाई. ती नदीकाठी भाजीचा मळा करते. साडेतीन तास ती हरवलेल्या बैलाबद्दल, वांग्यावरच्या किडीबद्दल, सासरच्या माणसांबद्दल बोलली. मला तिचं बोलणं आवडलं होतं.

मागच्या हिवाळ्यात ग्रामपंचायतीची निवडणूक लागली. सरपंचपद बाईसाठी राखीव होतं आणि गयाबाई उभी राहिली. खालच्या वस्तीला पाण्याची वेगळी टाकी, एवढंच ती घरोघर सांगत फिरली.

मतदानाच्या आदल्या दिवशी दुपारी दोन वाजता टीचरचा फोन एकसारखा वाजू लागला. सगळीकडून एकच ध्वनिफीत येत होती. त्यांनी ती माझ्यावर घेतली आणि लावली.

“आम्ही निवडून आलो की खालच्या वस्तीचं पाणी बंद करणार आहोत. त्या लोकांची मतं आम्हाला नकोत.”

आवाज गयाबाईचा होता. तोच घोगरेपणा, वाक्याच्या शेवटी तसाच खाली बसणारा सूर. टीचरनी फीत थांबवली. मग त्यांनी माझ्यातली ती अठरा जणांची यादी उघडली. इंटरनेटवर गयाबाईचा आवाज दुसरीकडे कुठेही नव्हता. ज्याने कुणी ही फीत बनवली, त्याने तो आमच्याकडूनच उचलला होता. टीचरना ते कळलं आणि मलाही कळलं.

त्यांनी निवडणुकीच्या कार्यालयात फोन लावला. पलीकडचा माणूस शांतपणे म्हणाला, “दरखास्त लिहून द्या मॅडम. तपासाले पाठवतो. पण उद्या सकाळच्या आत जवाब येनार नाई.”

तेवढ्यात शेजारीण धावत आली. गयाबाईच्या घरापुढे खालच्या वस्तीची पन्नाससाठ माणसं जमली होती. भाजीची हातगाडी उलटली होती, फाटक मोडलं होतं आणि गयाबाई आतून कडी लावून बसली होती.

टीचरनी माझ्या तारा ओढून काढल्या. मला, पडद्याला, दोन्ही स्पीकरना आणि बॅटरीच्या डब्याला ऑटोत घातलं. कित्येक वर्षांनी मी उघड्यावर आलो होतो. रस्त्याच्या प्रत्येक खड्ड्यात माझ्या आतला एक सैल स्क्रू वाजत होता. आज मी मध्येच बंद पडलो तर काय होईल, याचीच मला भीती वाटत होती.

गयाबाईच्या ओट्यावर मला मांडलं गेलं. आतून गयाबाईने खिडकीतून वायर बाहेर दिली. सगळ्यांत पुढे चंपत उभा होता. खालच्या वस्तीत त्याचा शब्द चालतो.

“मॅडम, तुमी यात पडू नका,” तो म्हणाला. “आमी आमच्या कानानं आयकलं हाये.”

“आयकलं ते खरं हाये, चंपतभाऊ. पण गयाबाई ते बोललीच नाई. यंत्रानं बोललं.”

“आवाज तिचा हाये.”

“हाये. आन् तो माह्यामुळं गेला.” मागच्यांनाही ऐकू जावं म्हणून टीचरनी आवाज चढवला. “मी तिचा आवाज भरला आन् साऱ्या जगासमोर ठेवला. तिले पुरतं समजावून सांगतलं नाई. कोन्या तरी मानसानं तो घेतला आन् हे बनवलं. चूक माही हाये, तिची नाई.”

गर्दीत कुजबुज वाढली. “आता ह्या मॅडमबी तिच्याच बाजूच्या,” असं कुणीतरी मागून म्हणालं. एक दगड टिनाच्या छतावर आदळून माझ्याजवळ पडला.

टीचरनी दगडाकडे पाहिलंही नाही. त्यांनी माइक चंपतपुढे धरला. “एक मिनिट बोला यात. कायबी बोला.”

“काऊन?”

“मी तुमचा आवाज बनवून दाखवतो. तुमी न बोललेलं तुमच्याच तोंडून आयका. नाई जमलं तं मी इथून चालली जातो.”

चंपतने मागे आपल्या बायकोकडे, मालनबाईकडे पाहिलं. तिने मान डोलावली. तो एक मिनिट सोयाबीनबद्दल बोलला. आवाजाची नक्कल करणारा प्रोग्राम टीचरनी माझ्यात आधीच घालून ठेवला होता; त्याला पुस्तकीच मराठी येई, म्हणून तशी दोन वाक्यं लिहून त्यांनी बटण दाबलं.

मित्रांनो, नव्या संगणकाला हे काम काही सेकंदांचं असेल. माझ्या अंगात तेवढं बळ नव्हतं. पडद्यावर आकडा आला, शंभरातले दोन. बऱ्याच वेळाने तीन. माझा पंखा घरघरू लागला. पत्रा इतका तापला की टीचरनी माझी एक बाजू उघडून वहीने वारा घालायला सुरुवात केली. आकडा एकेचाळीसवर असताना वीज गेली. बॅटरीचा डबा किंचाळू लागला. तो जुना होता, चारपाच मिनिटांपलीकडे तग धरत नसे. मी काम सोडलं नाही. मागची माणसं पुढे सरकत होती. “टाइमपास करून राह्यली,” कुणीतरी ओरडलं. चंपतने हात वर करून त्यांना थोपवलं, पण त्याचीही नजर आता गयाबाईच्या बंद दाराकडे वळत होती. डब्याचा आवाज तुटक व्हायला लागला तेव्हा वीज परत आली. मी साठवर होतो.

एकंदर बावीस मिनिटं लागली. मग स्पीकरमधून चंपत बोलला.

“आम्ही उद्या मतदानाला जाणार नाही. आम्हाला पाणी नको.”

खरा चंपत तोंड मिटून माझ्यासमोर उभा होता. त्याने एक पाऊल मागे घेतलं. सगळे त्याच्या ओठांकडे बघत राहिले.

मालनबाई गर्दीतून पुढे आली. “आवाज ह्याहिचाच हाये,” ती म्हणाली. “पण हे मानूस ‘आम्ही’ कवा म्हनते? तीस वर्सं झाले, ‘आमी’च म्हनते.” मग ती टीचरकडे वळली. “मॅडम, ते गयाबाईचं लावा बरं पुन्ना.”

टीचरनी लावलं. लोकांच्या लहानशा फोनवर, गोंगाटात आणि घरी आमच्या घाईतही जे निसटलं होतं, ते माझ्या स्पीकरवर लख्ख ऐकू आलं. आम्ही. करणार आहोत. आम्हाला. पुस्तकातून शिकलेल्या यंत्राचे ते शब्द होते.

“हे गयाबाईचं बोलनं नाई,” मालनबाई म्हणाली.

दाराची कडी निघाली. गयाबाई उंबऱ्यात उभी राहिली. तिचा चेहरा राखेसारखा झाला होता.

“आमी कोनाचं पानी बंद करून राह्यलो?” तिने विचारलं.

 चंपत खाली वाकला आणि त्याने उलटलेली हातगाडी सरळ केली. हळूहळू माणसं पांगली. काही जण तरीही विश्वास न बसल्यासारखी मान हलवत गेले, ते मी पाहिलं.

दुसऱ्या दिवशी एक वाजेपर्यंत मतदान झालं आणि दुपारीच मोजणी झाली. गयाबाई चौदा मतांनी पडली. खालच्या वस्तीने तिला भरभरून मतं दिली होती. पण ती फीत आणखी बऱ्याच घरांत पोचली होती आणि त्या घरांत मला घेऊन जायला कुणालाच वेळ मिळाला नव्हता. टीचर फीत आणि सगळे पुरावे घेऊन आदिलाबादला पोलिसांकडे गेल्या. तपास अजून चालू आहे.

त्या दिवसापासून माझी तब्येत बिघडली आहे. मी तिसऱ्याचौथ्या प्रयत्नाला सुरू होतो. टीचर रागावत नाहीत. त्यांनी इंटरनेटवरचे सगळे आवाज काढून टाकले. ज्यांनी आधीच त्यांच्या प्रती करून घेतल्या, त्यांच्याकडून मात्र ते परत येणार नाहीत, हे त्या स्वतःच लोकांना सांगतात. माझ्यातले आवाज ठेवायचे की पुसायचे, हे विचारायला त्या अठराही जणांच्या घरी गेल्या. पाच जण म्हणाले, पुसा. मी पुसले. पुसताना मला वाईट वाटलं, पण ते माझे नव्हतेच.

गयाबाई स्वतःच आली आणि माझ्यासमोर बसली.

“तवा मी तुमाले नीट इचारलं नाई,” टीचर म्हणाल्या. “आता इचारतो. ठेवू का पुसू?”

गयाबाईने पदराने माझ्या पडद्यावरची धूळ पुसली.

“ठेवा,” ती म्हणाली. “पोरासोरायले आपली बोली आयकू येईन. पण कोनाले द्याचा असला तं पयले मले इचारा. माह्यं घर तुमाले ठाव हाये.”

मित्रांनो, मी फार दिवस चालणार नाही. मला जपा असंही मी म्हणत नाही. पण तुमच्या हातात माझ्याहून शंभरपट ताकदीचे फोन आहेत. उद्या त्यावर ओळखीच्या कुणाचा आवाज येईल आणि तो ऐकून तुमचं डोकं तापेल. तेव्हा ते पुढे पाठवायला बोट उचलण्याआधी पायात चपला घाला आणि त्या माणसाच्या दारापर्यंत जाऊन या.