हळदीचा खोकला

शुभांगीने सासऱ्यांचं मनगट धरलं आणि नजर त्यांच्या छातीवर ठेवली. नाडी पाहायची नव्हतीच. श्वास मोजताहेत हे कळलं की माणूस तो सांभाळून घेतो, म्हणून मनगटाचा बहाणा.

"किती भरली?" दौलतरावांनी विचारलं.

"बोलू नका मामाजी. एक मिनिट."

"बोललो नाही त... मेलो समजतीन... लोक."

एवढ्याशा वाक्यात ते दोनदा थांबले. तिने पुन्हा पहिल्यापासून मोजलं. मिनिटाला एकतीस.

सहा दिवसांपूर्वी अठरा होते. तेव्हा खोकला होता, अंगात थोडी कसर, छातीत घरघर. पण धाप नव्हती आणि भाकरी जात होती. श्वासनलिकांना सूज आली आहे, ब्राँकायटिस, असं अनसिंगच्या शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या शुभांगीने घरात सांगितलं. डॉक्टरांना फोन केला, तेही तेच म्हणाले. कोमट पाणी, वाफ, आराम, तापापुरती गोळी. खोकला दोन-तीन आठवडे राहील. सासूबाईंना, प्रयागबाईंना, सुईच हवी होती. शुभांगी अडून बसली. तिसऱ्या दिवशी ताप उतरला.

काल तो थंडी वाजून परत आला. आज एकशे दोन.

"मामाजी, बेडका कसा पडतो?"

"सांगतलं ना. पिवळा."

सांगितलं होतं खरं. पण हे दिवस हळद शिजवून, वाळवून पॉलिशच्या ड्रममधून काढायचे. निम्मं गाव पिवळंच थुंकतं. तिने पुढे विचारलं नव्हतं. खाटेखालचा राखेचा डबा तिने उजेडात नेला आणि काडीने राख बाजूला सारली. आतला बेडका विटकरीच्या रंगाचा होता, रक्त मिसळल्यासारखा.

"आत्याबाई, मामाजी ड्रमवर गेले होते?" तिने सासूला विचारलं.

"चवथ्या रोजी. ताप नव्हता ना."

"तोंडाला फडकं?"

"हळदीले फडकं कायले?" प्रयागबाई म्हणाल्या. "जखमेत भरतो, दुधात पेतो. हळदीनं कोनाले काही होते का?"

"दुधातली पोटात जाते. ड्रमची धूळ सुजलेल्या छातीत गेली. वाशीमला न्यायचं, आत्ता."

दौलतराव कोपरावर उठले. "ड्रम आज आपला हाय. उद्या हरिसिंगच्या वावरात जाईन, मंग पंधरा दिवस..." खोकल्याने त्यांना वाकवलं. हात उजव्या बरगडीवर दाबला गेला.

"तूच म्हनत होती ना, घरीच बरं होते?" प्रयागबाईंचा आवाज चढला. "सुई नको म्हनत होती!"

"म्हणत होते. तेव्हा खरंच नको होती. आता दुखणं फुप्फुसात उतरलंय, आत्याबाई. घरी करण्यासारखं काही राहिलं नाही."

मागच्या खळ्यावर तिचा नवरा गजेंद्र ट्रॅक्टरवर ड्रम फिरवत होता. भुवयांपर्यंत पिवळा. तिची हाक त्या घरघराटात पोचेना. तिने ट्रॅक्टरची चावीच फिरवली.

"काहून बंद केला? अर्धाच माल झाला!"

"मामाजींना दवाखान्यात न्यायचंय. ऑटो बोलवा."

"एक तास दे. घंटाभरात..."

"तासाभराचं मला सांगता येत नाही."

त्याने तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि खिशातून मोबाईल काढला.

वाशीमच्या दवाखान्यात डॉक्टरांनी छातीचा एक्स-रे फोटो उजेडासमोर धरला. उजव्या फुप्फुसाचा खालचा भाग पांढरा दिसत होता. न्यूमोनिया. ऑक्सिजन लावला, सलाईनमधून औषध सुरू झालं. रात्र कशी जाते ते पाहू, असं म्हणून ते आत गेले.

बाहेरच्या बाकावर सासू-सून बसल्या.

"पयल्याच दिवशी आनलं असतं त?"

"तेव्हा फोटोत बहुतेक काहीच दिसलं नसतं," शुभांगी म्हणाली. "पण ताप परत आला तेव्हा, कालच, मी उठायला पाहिजे होतं. ते माझं चुकलं."



"मीच धाडलं त्यायले ड्रमवर," प्रयागबाई म्हणाल्या. "नाही म्हनत होते. पडून कायले राह्यता, म्हटलं. पोरगा एकला किती करीन."

दार उघडून परिचारिकेने दौलतरावांच्या नातेवाइकांना हाक दिली. दोघी एकदमच उठल्या.