आवणीच्या चित्रातली बाई

"वरचा मजला साडेपाचला बंद होतो, काका. वीस मिनिटं आहेत," जिन्याकडे बोट दाखवत रखवालदार म्हणाला, तसा साईनाथने बापाचा दंड धरला.

"बाबा, चला आता. बाकी काय बघू नका."

देवजीला मात्र सगळंच बघायचं होतं. दगडाचे देव, तलवारी, माणूस आत मावेल एवढे चिनी मातीचे रांजण. प्रत्येक काचेपुढे तो थबके आणि साईनाथ त्याला पुढे ओढी. आधी चुकून भलत्याच संग्रहालयात गेल्यामुळे अर्धा दिवस वाया गेलेला. टोकावड्याहून एवढ्या लांब आलेला माणूस आता रांजण काय बघत बसलाय, हे लेकाला कळेना.

देवजी मुद्दामच वेळ काढत होता. वरच्या मजल्यावर एक चित्र होतं, टोकावड्यातल्या भाताच्या आवणीचं, चिखलात रोपं लावण्याचं. त्याची बायको भागीरथी जायच्या आदल्या पावसाळ्यात एक चित्रकार गावात महिनाभर राहिला होता. देवजीच्याच शेताच्या बांधावर छत्री रोवून बसायचा. इतक्या वर्षांनी पुतणी मनस्वी कॉलेजच्या सहलीत ते चित्र बघून आली. तिने मोबाइलवर काढलेल्या फोटोत काचेवर दिवा चमकला होता, चेहरे दिसतच नव्हते. पण "मधली बाई डिट्टो साईदादासारखी हाय" असं तिने सांगितलं आणि घर ढवळून निघालं. भागीरथीला साप चावला तेव्हा साईनाथ दोन वर्षांचा होता. तिचा एकही फोटो घरात नव्हता. आईचा चेहरा कधी न पाहिल्यासारखाच हा मुलगा मोठा झाला, आणि तो ओळखून सांगणारा आता एकटा देवजी उरला होता.

आणि देवजीला तो चेहरा आठवत नव्हता. तिचं चालणं आठवे, रागावून भांडी आदळणं आठवे. चेहरा म्हणून काही समोर येईना. बायकोचा चेहरा विसरलेला नवरा! या गोष्टीने त्याला मेल्याहून मेल्यासारखं होई, म्हणून त्याने ती कुणाला सांगितली नव्हती.

चित्र भिंतभर होतं. चिखलात पाच बाया वाकलेल्या, मधलीने मान वर केलेली. कपाळ साईनाथसारखं रुंद, नाक सरळ. देवजी बघत राहिला. असेल, नसेलही. मग त्याची नजर हातांवर गेली. बाईच्या डाव्या हातात रोपांची जुडी होती आणि उजव्या हाताने ती चिखलात रोप खोचत होती.

भागीरथी डावखुरी होती. ओळीत शेजारणीच्या कोपराला कोपर लागे, म्हणून बाया तिला चिडवत आणि कायम टोकाला उभी करत. मधे तिला कुणी घेतलंच नसतं. देवजीने आशेने दोन्ही टोकं पाहिली. तिथेही उजवेच हात चिखलात होते. ती त्या दिवशी शेतात नव्हतीच. तापलेल्या लेकराला मांडीवर घेऊन घरी बसली असेल.

"बाबा?" साईनाथने मधलीकडे बोट दाखवलं. "हीच ना?"

रखवालदार एकेक दिवा मालवत येत होता. देवजीने लेकाकडे पाहिलं. दोन पोरांचा बाप, पण श्वास रोखून उभा होता. देवजीला आयुष्यात कधी धड खोटं बोलता आलं नव्हतं.

"हीच तुझी आय."

साईनाथने चित्राला हात जोडले. मग डोळे पुसून त्याने घाईघाईने मोबाइल काढला.

"बाबा, तिथं उभे ऱ्हावा. तुमचा दोघांचा फोटो घरात लावू."

देवजी चित्राशेजारी गेला. कुणाच्या घरची बाई कोण जाणे. त्याने टोपी सारखी केली आणि मधे हातभर जागा सोडून उभा राहिला.

"एवड्या लांब कशाला?" साईनाथ म्हणाला. "जवल सरका ना."

देवजीने मान खाली घातली आणि अर्धं पाऊल सरकला.