व्याहीबुवांना आपोआप लागणारा फोन

ह्यांच्या कंपनीत टचस्क्रीन बनतात. भिंतीवर लावायचा एक नवा स्क्रीन खऱ्याखुऱ्या स्वयंपाकघरात कसा वागतो ते बघायचं होतं, म्हणून ह्यांनी तो घरी आणला आणि सिंकच्या शेजारी लावला. एका बाजूला बोट टेकवलं की गाणी लागायची, दुसऱ्या बाजूला घरच्यांचे आणि ह्यांच्या साहेबांचे फोटो. ज्याचा फोटो दाबाल तो माणूस काचेत हजर.

पहिल्याच दुपारी भांडी विसळता विसळता सासूबाईंनी गाण्यावर बोट टेकवलं आणि काचेत आमचे व्याही उगवले. माझ्या नणंदेचे सासरे. पाणीपुरवठा खात्यातून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले, पत्नी जाऊन बरीच वर्षं झालेली. दुपारची झोप एवढीच काय ती त्यांची चैन.

"बोला विहीणबाई," ते बनियनवर, गालावर उशीचे वळ.

"अगं बाई!" म्हणत सासूबाईंनी हातातलं फडकं काचेवर टाकलं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग रोजच. बनियनवर सदरा चढला, सदऱ्याची बटणं लागली, आणि आठवडा सरता सरता व्याहीबुवा कोट घालून, भांग पाडून, काचेत तयारच बसलेले दिसायला लागले.

नणंदेचा फोन आला. "आई, काय चाललंय तुझं? आमचे सासरे दुपारचे झोपतच नाहीत. कोट घालून बसतात. विचारलं तर म्हणतात, कोणाचा कधी येईल सांगता येतं का!"

"मी लावत नाही गं, तो आपोआप लागतो."

"हो ना! सगळ्यांचे सुरुवातीला आपोआपच लागतात."

सासूबाईंचं तोंड एवढंसं झालं. त्या ह्यांच्याकडे गेल्या. "अरे, तुझी काच खोटं बोलते."

"काचेत दोष नाही, आई. ऑफिसात आम्ही सगळ्यांनी तपासलीय. तुझं बोट घसरतं."

आणि दाखवायला उभे राहिले. पायात जाड रबरी चपला, स्वयंपाकघराच्या मधोमध, एक हात पाठीमागे, दुसऱ्या हाताचं बोट शिक्का मारल्यासारखं. गाणं लागलं. "बघितलंस?" कोणाबद्दल वाईट बोलायचं नाही असा माझा रोजचा नेम आहे, म्हणून एवढंच लिहिते की त्या वेळी ह्यांच्या चेहऱ्यावर फार समाधान होतं.

सासूबाई हळूच म्हणाल्या, "तुझे बाबा गेल्यापासून एकटीने घर ओढलं. माझ्याकडे बोट दाखवायला कोणाला जागा ठेवली नाही. आता ह्या वयात, पोटच्या लेकाच्या काचेपायी ऐकून घ्यायचं. उद्या घेऊन जा ती. आणि ऑफिसात सांग, आईचं बोटच वाईट आहे."

जेवण झाल्यावर त्या भांडी विसळत होत्या. मन रमावं म्हणून, एक हात नळावर असतानाच, सवयीने गाण्यावर बोट गेलं, आणि व्याहीबुवा आलेच. कोटात. ह्यांनी चहाचा कप तसाच हवेत धरला.

"विहीणबाई, आज मी स्पष्टच बोलतो," व्याहीबुवांनी घसा साफ केला. त्यांच्या खांद्यामागून नणंदेचं डोकं डोकावलं. "आठवडाभर धीर होत नव्हता."

"ब… बोला," सासूबाई म्हणाल्या.

"तुमचा फोन येतो तेव्हा दर वेळी मागे नळ धो धो सुटलेला असतो. पाणी वाया जातं हो! माझा जीव तुटतो."

नणंदेचं डोकं गायब झालं. पाठीमागून हसण्याचा आवाज तेवढा आला.

ह्यांनी कप खाली ठेवला. "दर वेळी नळ?"

"दर वेळी. उभा जन्म पाण्यात गेलाय माझा. कान फसायचे नाहीत."

हे ताडकन उठले. चपला काढल्या, सासूबाईंना बाजूला केलं, एका हाताने स्टीलचा नळ धरला आणि दुसऱ्या हाताने गाण्यावर बोट टेकवलं. व्याहीबुवा गेले, गजर वाजला, गाणं लागलं, बंद पडलं, आणि काचेत ह्यांचे साहेब आले. अर्ध्या गालाला साबणाचा फेस.

"साहेब, सापडलं!"

"रविवारी? काय सापडलं?"

"आईचं बोट बरोबर आहे, साहेब!"

मग ह्यांनी मला समजावून सांगितलं. काच बोटाची अगदी बारीक चाहूल ओळखते. पण विजेच्या तारेतून एक गुणगुण येत असते. नळ धरला की अंग जमिनीशी जोडलं जातं आणि ती गुणगुण नेमकी बोटापाशीच येऊन मिसळते. मग काचेला नसलेलं बोट भासतं, तेही भलतीकडे. ऑफिसात सगळे बूट घालून, एक हात मोकळा ठेवून तपासत होते.

"स्वयंपाकघरात हात मोकळा असतो कोणाचा?" मी विचारलं. ह्यांनी चपला परत पायात चढवल्या.

काही आठवड्यांनी सुधारलेली काच आली. ती आधी गुणगुणीचा अंदाज घेते आणि आपली पट्टी बदलते. लग्नघरातल्या गलक्यात आपण नाही का वेगळा सूर लावून हाक मारत, तसं. शिवाय बोट खरंच टेकलंय ना, हे पुन्हा एकदा चाचपून बघते. सासूबाईंनी नळ घट्ट धरून बोट टेकवलं. गाणं लागलं, गाणंच लागलं.

"आता तुझ्या बहिणीला फोन कर, आणि माझ्यासमोर सांग."

ह्यांनी निमूटपणे फोन केला. "ताई, दोष काचेत होता. आईच्या बोटात नव्हता."

"बरं झालं बाई," नणंद म्हणाली. "पण सासरे अजून कोट घालून बसतात."

त्या दुपारी गाणं चालू होतं, पण सासूबाईंचं त्यात लक्ष नव्हतं. तीच एक वाटी त्या परत परत विसळत होत्या. मग त्यांनी नळ घट्ट बंद केला. दोन्ही हात फडक्याला कोरडे पुसले. सिंकपासून चांगल्या हातभर लांब सरकल्या, माझ्याकडे एकदा बघून घेतलं, आणि फोटोवर बोट टेकवलं.

"बोला विहीणबाई."

"काही नाही," सासूबाई म्हणाल्या. "नळ बंद आहे, एवढंच सांगायचं होतं."